विणलेल्या भिंती

फ्रान्समधल्या बायो गावचे वस्त्र टॅपेस्ट्री म्हणून जगभर ओळखले जाते, पण ते लिननच्या कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे. टॅपेस्ट्रीत कापड आधी आणि चित्र नंतर असे नसते. दोन्ही मागावर एकत्रच घडतात. ताण्याचे साधे धागे रंगीत बाण्याखाली पूर्ण झाकले जातात, आणि हा बाणा काठापासून काठापर्यंत जात नाही. निळ्याची कांडी निळ्या भागापुरती चालते आणि तिथूनच मागे फिरते. अस्सल पैठणीचा पदर विणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याचे तंत्र याच कुळातले; तिथे रेशीम आणि जर, इथे मुख्यतः लोकर. युरोपातला विणकर बहुधा मागच्या बाजूने आणि चित्र आडवे करून विणतो. उभा राजा मागावर निजलेला असतो.

मध्ययुगीन युरोपात थंडगार दगडी भिंतींना ऊब हवी होती आणि गावोगाव फिरणाऱ्या राजांना सोबत नेता येईल असे वैभव हवे होते. आरास, तूर्ने, ब्रुसेल्स ही शहरे या मागणीवर मोठी झाली. इटालियन भाषेत तर टॅपेस्ट्रीला आरासवरूनच ‘आराझ्झो’ म्हणू लागले.

मला सर्वांत थोर वाटते ती फ्रान्समधल्या आंजे शहराची ‘अपोकॅलिप्स’. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने १३७० च्या दशकात ती विणायला सांगितली, चित्रे ब्रूजच्या जाँ बोंदोलने रेखाटली आणि काम पॅरिसचा व्यापारी निकोला बाताय याच्यामार्फत झाले. बायबलमधल्या जगाच्या अंताच्या दर्शनाची नव्वद दृश्ये होती, लांबी सुमारे १४० मीटर. रंग मोजकेच, पण सात तोंडांचा राक्षस अंगावर येतो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे झाले. कुणी ते तबेल्यात लावले, कुणी थंडीत संत्र्याच्या झाडांवर घातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जुबेर नावाच्या धर्मगुरूने तुकडे शोधून जोडायला घेतले. आज सुमारे शंभर मीटर उरली आहे. तिची मागची बाजू पुढच्या इतकीच नेटकी आहे. अस्तराखाली प्रकाश न लागल्याने तिथले रंग अजून ताजे आहेत.

पोप दहाव्या लिओने १५१५ मध्ये सिस्टिन चॅपेलसाठी राफाएलकडून चित्रे काढून घेतली आणि ती ब्रुसेल्सला पीटर व्हान आल्स्टच्या विणशाळेत पाठवली. मूळ चित्र पट्ट्या कापून ताण्याखाली ठेवायचे, त्यामुळे विणल्यावर डावे-उजवे उलटे होई. राफाएलला ते धरूनच काढावे लागले. काम देखणे झाले, खर्च त्याच चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या छताच्या कितीतरी पट. पण मला वाटते, इथूनच विणकर चित्रकाराच्या मागे चालू लागला.

चौदाव्या लुईच्या काळात, १६६२ मध्ये, त्याचा मंत्री कोल्बेर याने पॅरिसला गोब्लँची राजविणशाळा उभारली. पुढच्या शतकात ऊद्री या चित्रकाराने हट्ट धरला की विणकाम हुबेहूब तैलचित्रासारखे दिसले पाहिजे. विणकरांनी विरोध केला. त्यांना ठाऊक होते की नाजूक छटा उन्हात टिकत नाहीत. विणकरांचेच बरोबर ठरले. जुन्या टॅपेस्ट्रींतसुद्धा पिवळा उडाल्याने हिरवी झाडे निळी दिसतात, मग त्या फिक्या छटांचे काय राहणार!

याच विणशाळेने विज्ञानाला एक मोठी गोष्ट दिली. रंगखात्याचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शव्हरल, याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्याने तपासले तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या रंगांमुळे काळा फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला, आणि चित्रकारांच्या पुढच्या पिढ्यांनी तो वाचला.

विसाव्या शतकात चित्रकार जाँ ल्यूर्सा आंजेची टॅपेस्ट्री पाहून भारावला. त्याने रंग कमी केले, मूळ चित्रावर रंगांऐवजी आकडे लिहिले, जाड धागा परत आणला. १९५७ पासून तो ‘विश्वाचे गीत’ या मालिकेवर काम करत होता. १९६६ मध्ये, ती पुरी होण्याआधीच तो गेला. आज ती आंजेच्याच एका जुन्या रुग्णालयात टांगलेली आहे. फ्रान्सला गेलात तर पॅरिसबाहेर एक दिवस काढा आणि या दोन्ही टॅपेस्ट्री एकाच दिवशी पाहा.