एक मनाई आणि हजार एक पानं

१९६९ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या संगीत ग्रंथालयात अ‍ॅलिस्टर हिंटन या तरुण संगीतकाराच्या हाती एक जाडजूड स्वरलिपी लागली. ‘ओपस क्लाविचेम्बालिस्टिकम’. एकट्या पियानोची रचना, पण वाजवायला चार तासांच्या आसपास. रचनाकार कायखोश्रू शापूरजी सोराबजी. नाव अस्सल पारशी, स्वरलिपी छापलेली, आणि ती जाहीरपणे वाजवणारं मात्र कुणीच नाही.

वाजवणार कोण? खुद्द सोराबजींचीच मनाई होती. १ डिसेंबर १९३० ला ग्लासगोत त्यांनी ती रचना स्वतः वाजवली. मार्च १९३६ मध्ये लंडनला जॉन टोबिन यांनी तिचा एक भाग वाजवला, तो इतका रेंगाळला की ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. त्यानंतर सोराबजींनी दार लावून घेतलं. आपल्या परवानगीशिवाय आपली रचना कुणी मैफलीत वाजवायची नाही. असा हट्ट परवडायला पैसा लागतो. तो वडिलांनी मागे ठेवलेल्या मिळकतीतून येत होता, त्यामुळे मैफलींच्या बिदागीवर पोट नव्हतं.

वडील मुंबईचे पारशी, स्थापत्य अभियंता. आई इंग्रज. मुलगा १८९२ साली लंडनजवळच्या चिंगफर्डमध्ये जन्मला, नाव लिऑन डडली. पारशी नाव त्यानं मोठेपणी स्वतः घेतलं. आई स्पॅनिश-सिसिलियन होती असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापून येत होतं. संशोधकांनी कागद शोधले, तेव्हा ती साधी इंग्रज निघाली. कुणी ‘भारतीय संगीतकार’ म्हटलं की सोराबजी भडकत, मी पारशी आहे म्हणत. मला त्यांचा हा राग समजत नाही. आमच्या कडेगावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत निघतात, त्यात हिंदूंचेही मानाचे ताबूत असतात, आणि कोण कुणाचं हे ताबुतांच्या भेटीच्या वेळी कुणी विचारत नाही.

हिंटननी पत्र धाडलं. ऑगस्ट १९७२ मध्ये भेट झाली. सोराबजी तेव्हा डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसल गावी एकांतात राहत. ‘पाहुणे नकोत’ अशी पाटी फाटकावर लावणाऱ्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानं या पोराला आत घेतलं, हेच नवल. चार वर्षांनी मन वळलं. १९७६ साली योंटी सॉलोमन या पियानोवादकाला परवानगी मिळाली, चाळीस वर्षांची मनाई सुटली. १९८२ मध्ये जेफ्री डग्लस मॅज यांनी उट्रेख्टमध्ये ती अजस्र रचना अथपासून इतिपर्यंत वाजवली. १५ ऑक्टोबर १९८८ ला सोराबजी वारले. त्यांच्या रचनांचा वारसा हिंटनकडे आला, आणि हिंटननी त्यांचं अभिलेखागार उभं केलं.

शोध इथं संपला असं पियानोवाले म्हणतील. माझ्या मते खरा खजिना पुढे आहे. १९२१–२२ ची पहिली सिम्फनी वाद्यवृंद, गायकवृंद, ऑर्गन आणि पियानो यांच्यासाठी. फारसी कवी जामीच्या नावाची ‘जामी सिम्फनी’ १९४२ ला, ऐन महायुद्धात सुरू झाली आणि १९५१ ला संपली. मग १९५५ ते १९६१ मध्ये लिहिलेली ‘मेस्सा ग्रांदे सिन्फोनिका’, १००१ पानांची. सगळं मिळून अकरा हजारांवर पानं, बारीक, गिचमिड हस्ताक्षरात.

पियानोसाठी एक वेडा माणूस पुरतो. वाद्यवृंदाला तसं नाही. आधी कुणीतरी पानं वाचून चुका काढायच्या, स्वच्छ प्रत करायची, मग प्रत्येक वादकाचा भाग वेगळा उतरवायचा. पुढे शेकडो माणसं, तालमी, खर्च. म्हणून १९२० मधला त्यांचा पियानो कॉन्चेर्टो २००३ साली पहिल्यांदा ऐकू आला, नेदरलँड्समध्ये, डोना अमाटो यांच्या हातून. गायकवृंदाच्या अवाढव्य रचना तर अजून पानांतच आहेत. या उपेक्षेचा दोष निम्मा जगाचा, निम्मा त्या हट्टी माणसाचा.

मुंबईच्या एनसीपीएत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हजार पानांची अपेक्षा नाही. तो एक कॉन्चेर्टो तरी त्यांनी सोराबजींच्या वडिलांच्या गावी वाजवावा. कडेगावहून मुंबई काही फार लांब नाही, तिकीट काढून येऊ.