सावंतवाडीची चितार आळी

गांव पाहावयाचा तर तो पायीं पाहावा, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत असतों. सावंतवाडीस जाणारे पुष्कळ लोक मोती तलावाकांठीं वारा खातात, राजवाडा पाहतात आणि परततात. १८७४ सालचा तो तलाव रमणीय आहे यांत शंका नाहीं. परंतु या नगरीची खरी ओळख व्हावयाची तर चितार आळींतून सावकाश चालत जावें.

चितार आळी म्हणजे चिताऱ्यांची आळी. राजाश्रयानें वाढलेल्या या कारागिरांच्या घरांची जुनी धाटणी साधी आहे: जांभ्याच्या भिंती, वर उतरतें कौलारू छप्पर, पुढें दुकान, मागें कामाची जागा व बिऱ्हाड. जांभा खाणींतून निघतांना मऊ असतो, सहज तासतां येतो. वारा लागला म्हणजे कठीण होतो. चपटीं मंगळुरी कौलें मात्र मागाहून आलीं. त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास काढला. तत्पूर्वीं कोंकणांत नळीचीं कौलें असत, आणि दर पावसाळ्यापूर्वीं तीं परतावीं लागत!

येथील लाकडी आंबे, केळीं, फणस पाहून मुलें फसतात; मोठेही फसतात. फळांवर रंग कुंचल्यानें चढतो. लाखकामाची रीत निराळी: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लाकडावर बसते. पुस्तकांतील घर्षणाचा धडा याहून चांगला कोठें शिकावा?

गंजिफा हें येथील दुसरें वैभव. दशावतारी गंजिफेंत दहा रंग, प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. छापील पत्त्यांपुढें ही कला मरणोन्मुख झाली असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांतच तिला आसरा दिला. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या.

आळीचें संकट मात्र टळलेलें नाहीं. प्लास्टिकचीं खेळणीं स्वस्त आहेत, आणि ज्या हलक्या, मऊ पांगाऱ्यावर ही कारागिरी उभी राहिली तो दुर्मिळ झाला आहे. त्याच्या जागीं आंब्याचें लाकूड येतें. रंग तोच, आकार तोच. पण फळ हातांत घेतांच वजनावरून भेद कळतो.