डमीचे पान मागताना शब्द जपून वापरा

ब्रिजमध्ये बोली संपून पहिली उतारी झाली, की डिक्लेररचा भिडू आपली तेरा पाने टेबलावर उघडी मांडतो. हाच डमी. यापुढे डमीतील कोणते पान खेळायचे हे डिक्लेरर तोंडाने सांगतो आणि डमी ते पुढे करतो. म्हणजेच येथे उच्चारलेला शब्द हीच खेळी असते. घरच्या डावात ‘टाक एखादे’ म्हणून भागते. स्पर्धेत मात्र अशा शब्दांचे अर्थ नियमाने ठरलेले आहेत.

जागतिक ब्रिज महासंघाच्या २०१७ च्या नियमावलीतील ४६ वा नियम याविषयीचा आहे. पानाचा रंग, म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट वा किल्वर, आणि त्याचा दर्जा या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, ही त्यातील योग्य पद्धत. ‘बदामची राणी’ म्हटले, की वादाला जागा उरत नाही.

सूचना अपुरी असेल तर काय? केवळ रंग सांगितल्यास त्या रंगाचे सर्वांत लहान पान मागितले, असे मानले जाते. डमीत इस्पिकचा एक्का, राणी आणि दुर्री आहे. डिक्लेरर हातातून लहान इस्पिक खेळतो, डावीकडचा खेळाडूही लहान पान टाकतो. मनात राणी असताना डिक्लेरर नुसते ‘इस्पिक’ म्हणाला, तर दुर्री खेळली जाते. हातचा गेलेला हा एक हात बोली बुडवू शकतो.

‘मोठे’ म्हटल्यास सर्वांत मोठे पान. ‘हात घे’ म्हटल्यास ज्याने हात नक्की मिळेल असे सर्वांत लहान पान. डमीतून उतारी असताना नुसते ‘राजा’ म्हटले, तर डमीने मागचा हात ज्या रंगात जिंकला त्याच रंगाचा राजा, अर्थात तो तेथे असल्यास. डमीत नसलेले पान मागितले तर ती सूचना रद्द होते व दुसरे पान मागता येते. सर्वांत महाग पडते ते ‘काहीही टाक’. अशा वेळी डमीचे पान निवडण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्यांना मिळतो.

डिक्लेररचा हेतू निर्विवादपणे वेगळा असेल, तर हे ठोकताळे लागू होत नाहीत. जीभ घसरून भलतेच पान उच्चारले गेल्यास, डिक्लेररने स्वतःच्या हातातून वा डमीतून पुढचे पान खेळेपर्यंत दुरुस्ती करता येते. मात्र लक्ष विचलित झाले किंवा नंतर विचार बदलला, ही सबब चालत नाही.

डमीनेही संयम पाळावा. सूचनेपूर्वी पानाला हात लावणे हा भिडूला दिलेला इशारा ठरू शकतो. शंका आल्यास आपसांत वाद न घालता स्पर्धा संचालकांना बोलवावे. रंग आणि दर्जा दोन्ही सांगायची सवय लागली, तर ती वेळ सहसा येणार नाही.