पुरलेली कोळशाची राख व भूजलाचे निरीक्षण

राख 'पुरली' म्हणताच विषय संपल्याचा भास होतो. 'पुरणे' या क्रियापदाचा तो दोषच म्हणावयाचा. पावसाचे पाणी राखेत मुरते, तिच्यातील क्षार विरघळविते व भूजलास मिळते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २००८ साली औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा बांध फुटला. पुढे २०१५ च्या संघीय नियमांनी अशा स्थळांभोवती किमान चार निरीक्षण-विहिरी आवश्यक ठरविल्या : भूजलप्रवाहाच्या वरच्या अंगास एक, खालच्या अंगास तीन. यांत वरच्या विहिरीचे महत्त्व विशेष. तिच्या पाण्यास राखेचा स्पर्श झालेला नसावा, कारण तुलनेचे मूळ माप तेच. बोरॉन मातीत फारसे न अडकता पाण्याबरोबर वाहते, म्हणून त्याची वाढ बहुधा प्रथम दिसते. आर्सेनिक मागाहून येऊ शकते. मात्र वरची विहीरच एखाद्या जुन्या राखेच्या थरात खणलेली असेल, तर दोन्हीकडील आकडे जुळतात आणि दूषित पाणी निर्दोष ठरते.