फोटोतली कराची कशी ओळखाल?

फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबं नागपूरच्या जरीपटक्यात वसली. अशा घरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला कराचीचा फोटो निघाला, तर आधी मनोरे बघा. एम्प्रेस मार्केट १८८९चं, मेरेवेदर टॉवर १८९२चा. दोन्हींवर घड्याळ, म्हणून हमखास गल्लत होते. मार्केटचा मनोरा लांबलचक बैठ्या इमारतीतून वर येतो. मेरेवेदर रस्त्यात एकटा उभा असतो. फोटोत अवाढव्य काळी शेड दिसली, तर प्रश्नच मिटला. झेपेलिनसारख्या ‘आर-१०१’ या वायुजहाजासाठी ती विमानतळावर बांधली होती. कराचीकडे निघालेलं ते वायुजहाज १९३० मध्ये फ्रान्समध्येच कोसळलं. शेड युद्धानंतरही टिकली. फोटोमागची सिंधी अक्षरं मात्र घरातल्या थोरांकडून आजच वाचून घ्या. नातवंडांना ती लिपी सहसा येत नाही.