तक्त्यात न बसलेली माणसे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीनंतर आमच्या संगीत विद्यालयाच्या भिंतीवर एक नवा तक्ता लागला. वर अध्यक्ष, त्यांच्याखाली कार्यवाह, मग प्राचार्य आणि पुढे गायन, वादन, नृत्य असे विभाग. प्रत्येक चौकोनात एकेक नाव. तक्ता संगणकाने काढलेला, त्यामुळे रेघ न रेघ सरळ. माझे नाव सापडले. परंतु ज्यांच्या तबल्यावर आणि पेटीवर माझा वर्ग चालतो, ते साथीदार कोठेच दिसेनात.

कार्यालयात विचारले, तर कारकून म्हणाले, "राहिले नाहीत, मास्तर. संगणकाला नियमच तसा घालून दिला आहे. तासिकेवर येणारे दाखवायचे नाहीत. सगळेच दाखवले तर तक्ता एका पानात बसत नाही." मानधनाच्या यादीत त्यांची नावे होतीच; चित्रातून तेवढी गाळली होती.

नियम दुष्टपणाने केलेला नव्हता, हे मी मान्य करतो. रिकाम्या जागा, सोडून गेलेली माणसे चाळणीतून गाळावीच लागतात. पण पुढे सुटीनंतरच्या सूचनाही त्याच तक्त्यावरून निघाल्या. आमचे पेटीवादक अण्णा बिदरजवळच्या कोळारचे. ते गावी गेले होते. वर्ग सुरू झाल्याचे त्यांना कोणी कळवलेच नाही. चार दिवसांचे मानधन बुडाले, आणि मी ते चार दिवस नुसत्या तंबोऱ्यावर काढले.

पेटीवाल्यांना अशी चाळणी नवी नाही. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केला. वाद्य परदेशी, त्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप होते. ते अगदीच खोटे नव्हते. पण नियम वाद्याला लावला आणि गाळली गेली माणसे. बैठकीत, रंगभूमीवर, भजनात पेटी वाजतच होती. रेडिओपुरती मात्र ती नव्हतीच! १९११ च्या 'मानापमाना'ला चाली देणारे, पेटीवर हुकमत असलेले गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, तेव्हाही ही बंदी चालूच होती. ती सैल झाली १९७१ साली, आणि तीही अटी घालून.

माझे वडील राजवाड्यातले गवई. गाण्याला बसले की तंबोरे जुळल्यावर ते आधी साथीदारांकडे वळून विचारीत, "लागलं का?" त्यांनी मान हलवल्याखेरीज षड्ज लावीत नसत. मानपान पाळणाऱ्या त्या दरबारातही साथीला कोण बसले आहे हे सर्वांना समोर दिसत असे.

अण्णा परतल्यावर मी त्यांना तक्त्यापुढे नेले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "नाव नसू द्या, मास्तर. पण शाळा कधी उघडणार, एवढं तरी कळवायला पाहिजे होतं की नाही?"

मी प्राचार्यांना लेखी विनंती केली : चौकोन वाढवायचे नसतील तर तक्त्याखाली एक ओळ घाला, 'तासिकेवरील साथीदार या तक्त्यात दाखवलेले नाहीत, त्यांची यादी कार्यालयात आहे', आणि सूचना त्या यादीवरूनही पाठवा. सूचना आता जातात. ओळ अजून यायची आहे. तोवर तक्त्याखाली मी पेन्सिलीने अण्णांचे नाव लिहून ठेवले आहे. ते अद्याप कोणी पुसलेले नाही.