डॉक्टरेट करणाऱ्या मुलांनी प्राध्यापकीबाहेरचा मार्ग कसा आखावा

आपल्या संघाच्या एका सभासदांनी आम्हांस पत्र लिहून विचारले आहे की, ‘मुलगी विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत आहे. पुढे प्राध्यापकाची जागा मिळेल असा भरवसा नाही. मग इतकी वर्षे फुकट जावयाची काय?’ हा प्रश्न हल्ली पुष्कळ शेतकरी घरांत उभा आहे. सबब त्याचे उत्तर येथेच देतो.

प्रथम हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे या अभ्यासास निदान 3 वर्षे लागतात व साधारण मर्यादा 6 वर्षांची आहे. म्हणजे ऐन उमेदीचा काळ यात जातो. बरे, पदवी हाती आली म्हणजे जागा मिळालीच असेही नाही. साहाय्यक प्राध्यापकास डॉक्टरेट असलीच पाहिजे, ही सक्तीही आयोगाने 2023 साली काढून टाकली. नेट अथवा सेट परीक्षा उतरलेला उमेदवारही त्या जागेस चालतो. थोडक्यात, जागा मोजक्या आणि दारात उभे राहणारे अनेक.

यात आमच्या घरचाच अनुभव सांगतो. आमच्या पुतण्याने खारवट जमिनीतील क्षारांवर संशोधन करून पदवी मिळविली. त्यास आम्हीच सांगितले होते की, ‘तू प्राध्यापकच हो, दुसरीकडे पाहू नकोस.’ त्याने ऐकले. पुढे पाच वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवीत राहिला. वर्ष संपले की काम संपे, आणि जून उजाडला की पुन्हा अर्ज. त्याच्या वडिलांनी शिक्षणासाठी काढलेले कर्ज मात्र दरसाल वाढत गेले. शेवटी माती, पाणी व द्राक्षे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यास चांगली नोकरी लागली. तेव्हा तो म्हणाला, ‘काका, हे काम मला पाच वर्षांपूर्वीही येत होते, पण ते मागावयास जावे हे ठाऊक नव्हते.’ ती पाच वर्षे आमच्या उपदेशाने गेली, हे कबूल करणे आम्हांस भाग आहे.

महसूल खात्यात आमचा जन्म गेला. तेथे एक गोष्ट नित्य दिसे : कागदावर नाव एक आणि प्रत्यक्ष वहिवाट निराळी. संशोधनाचेही तसेच आहे. प्रबंधाचा विषय हे कागदावरचे नाव. परंतु तो करताना जे हातास व बुद्धीस वळण लागले, ती खरी वहिवाट. नमुने घेणे, उपकरण चालविणे, आकडे पडताळणे, दोनशे पाने नीट लिहिणे, फसलेला प्रयोग पुन्हा मांडणे, ही कामे ज्यास येतात त्याची गरज कॉलेजाबाहेरही पुष्कळांस असते.

उदाहरण आमच्या मढहून दिसेल इतके जवळ आहे. मढच्या धक्क्यावरून तरीत बसले की खाडीपलीकडे वर्सोवा. तेथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ती 1961 साली निघाली व 1989 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मत्स्यविद्येत डॉक्टरेट करणाऱ्याने अध्यापनाचीच वाट धरावी असे नाही. कोळंबीची बीजकेंद्रे, माशांच्या खाद्याचे कारखाने, तळ्यांतील रोगांची परीक्षा, निर्यातीच्या मालाची तपासणी, इतकी कामे त्या विद्येवर चालतात. शेतकी शिकलेल्यांस बियाण्याच्या कंपन्या, ऊतिसंवर्धित रोपांचे कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या, तसेच 1982 साली स्थापन झालेली नाबार्ड, ही क्षेत्रे आहेत. विज्ञानाचा पदवीधर ठरावीक परीक्षा देऊन पेटंटांचा अभिकर्ताही होऊ शकतो.

आता आखणी कशी करावी ते सांगतो. ज्वारीत तूर पेरावयाची ती ज्वारीबरोबरच पेरतात. कापणी झाल्यावर नव्हे. तद्वत् दुसरा मार्ग पहिल्या वर्षापासूनच मनात धरावा.

पहिल्या वर्षी विषय निवडताना एवढे विचारावे की, याचे उत्तर मिळाल्यास विद्यापीठाबाहेर कोणाच्या कामी येईल? दुसऱ्या वर्षापासून एका वहीत, आपणांस काय येते याची नोंद ठेवावी. ‘अभ्यास केला’ असे मोघम न लिहिता ‘अमुक इतके नमुने अमुक रीतीने तपासले’ असे लिहावे. तिसऱ्या वर्षी, बाहेर काम करणाऱ्या निदान दहा माणसांस भेटावे. नोकरी मागण्यास नव्हे, तर त्यांचा दिवस कसा जातो व नवीन माणसाकडून ते काय अपेक्षितात हे समजून घेण्यास. मार्गदर्शकांच्या संमतीने महिना-दोन महिने एखाद्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काढता आल्यास फारच उत्तम. शेवटच्या वर्षी प्रबंध पुरा होण्याची वाट न पाहता अर्ज सुरू करावेत, आणि आपले सारे काम घरच्या माणसांस कळेल अशा मराठीत एका पानावर मांडून ठेवावे. सरकारी जागांस वयाची अट असते, तीही आधीच पाहावी.

कोणी म्हणतील, असे केल्याने विद्येचा मान जातो. आमचे मत तसे नाही. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी विलायतेत डॉक्टरेट मिळविली, ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या अभ्यासावर. पुढे त्यांनी केंद्र सरकारात शेतीखाते सांभाळले, 1955 साली भारत कृषक समाज स्थापिला, आणि 1969 साली निघालेले अकोल्याचे कृषि विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. वेदांचा अभ्यास शेतकऱ्याच्या कामी पडला नाही असे कोण म्हणेल?

शेवटी दोन शब्द वडीलधाऱ्यांस. मुलाच्या शिक्षणासाठी किती खर्च करावयाचा व कोणत्या वर्षापर्यंत, हे आरंभीच घरात बसून ठरवावे. जमीन गहाण टाकून वाट पाहू नये. शिष्यवृत्तीची चौकशी अगोदर करावी; बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या याचसाठी आहेत. आणि मुलाने दुसरी वाट धरली तर ‘शिकून वाया गेला’ असे म्हणू नये. त्या बोलाच्या धाकाने कित्येक मुले चुकलेल्या दारापाशीच उभी राहतात. पत्र लिहिणाऱ्या सभासदांनी हे वाचून आज रात्रीच मुलीस विचारावे, ‘तुला काय काय येते?’ उत्तर ऐकून त्यांचा अर्धा घोर कमी होईल, अशी आमची खात्री आहे.